कुजण्याचं पंचांग

सह्याद्रीत पान गळतं तेव्हा पाऊस नसतो, आणि पाऊस येतो तेव्हा पान गळून तीन-चार महिने झालेले असतात. जंगलातली माती कशी तयार होते हे समजून घ्यायला निघालेल्या मराठी वाचकाने ही एक गोष्ट आधी पक्की धरावी. या विषयावरची नावाजलेली पुस्तकं ज्या मुलखांत लिहिली गेली, तिथे असं होत नाही. डेन्मार्कमध्ये किंवा इंग्लंडमध्ये बीच आणि ओकची पानं गळतात ती ओल्या जमिनीवर. तिथे कुजण्याच्या आड येते ती थंडी. आपल्याकडे ऐन, साग, पळस, सावर यांची पानं उतरतात ती भेगाळू लागलेल्या जमिनीवर, आणि तिथून मृगापर्यंत नुसतं ऊन. म्हणजे कुजायला लागणारी ऊब भरपूर, पण पाण्याचा पत्ता नाही. मग एका आठवड्यात पाणीच पाणी.

पाचोळा कुजतो आणि त्याचं खत होतं, हे सांगायला पुस्तक लागत नाही. शाळेतल्या मुलालाही ते ठाऊक असतं. खरा प्रश्न आहे तो कधी कुजतो, कोण कुजवतं आणि त्यातून निघालेलं सत्त्व नेमकं कोणत्या दिवसांत, कुणाच्या हाती लागतं हा. राब भाजावा की नाही, देवराईतला पातेरा उचलावा की नाही, वणव्याने नुकसान होतं की राखेने फायदा, डोंगर हिरवा करायला कोणतं झाड लावावं, असे आपल्याकडचे कितीतरी जुने वाद वरवर पाहता धर्माचे, कायद्याचे किंवा पोटापाण्याचे दिसतात. माझ्या मते ते मुळात तारखांचे वाद आहेत. पुढची प्रकरणं त्याच हिशेबाने लावली आहेत, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

सुरुवात पान गळण्याच्याही आधीपासून करावी लागते. झाड पान टाकून देतं म्हणजे आत असेल नसेल ते सगळं टाकून देतं असं नाही. पान पिवळं पडू लागतं तेव्हा त्यातली प्रथिनं मोडून त्यांतला नत्र झाड मागे खेचून घेत असतं, स्फुरदही घेतं. जगभरच्या झाडांचा सरासरी हिशेब असा की पानातला साधारण निम्मा नत्र आणि निम्मा स्फुरद गळण्यापूर्वीच फांदीत परत जातो. कॅल्शियम मात्र पेशींच्या भिंतींत गुंतलेलं असल्यामुळे हलत नाही, ते पानाबरोबर खाली येतं. तेव्हा जमिनीवर पडतो तो बराचसा पिळून घेतलेला माल. सेल्युलोज आणि लिग्निन भरपूर, नत्र थोडा. खालच्या मंडळींना जे काही करायचं ते या तुटपुंज्या नत्रावर करायचं असतं, आणि पुढची सगळी गंमत त्यातूनच निघते.

हा माल थोडाथोडका नसतो. उष्ण कटिबंधातल्या चांगल्या जंगलात हेक्टरी वर्षाला पाच ते दहा-बारा टन पालापाचोळा पडतो. असं असूनही आपल्या जंगलात पावसाळ्याच्या शेवटी पाय घोट्यापर्यंतही रुतत नाहीत, कारण वर्षभरात आलेला बहुतेक माल वर्षभरातच निकालात निघतो. हान्स जेनी या मृदाशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये आपल्या सहकाऱ्यांबरोबर कॅलिफोर्नियातल्या डोंगरावरची आणि कोलंबियातली जंगलं अशी तुलना केली होती. वर्षाला पडतं किती आणि जमिनीवर शिल्लक किती, एवढाच साधा भागाकार. थंड डोंगरावर शिलकीचा थर स्थिरावायला कित्येक दशकं लागतात, तर उष्ण प्रदेशात ते काम काही वर्षांत उरकतं. पुढे या भागाकाराला सूत्राचं रूप आलं आणि आज कुठल्याही जंगलाची कुजण्याची गती त्यावरून सांगतात. पण वर्षाची सरासरी काढली की आतले महिने दिसेनासे होतात. सह्याद्रीत तर सगळं नाट्य महिन्यांतच आहे.

फाल्गुन ते वैशाख या काळात पाचोळा नुसता पडून असतो असं वाटतं. बुरशी आणि जिवाणू जवळजवळ थांबलेले असतात, हे खरं. तरीही दोन कामकरी त्या उन्हातही सुटी घेत नाहीत. एक स्वतः ऊन. पानगळीच्या जंगलात छप्परच उडालेलं असल्यामुळे ऊन थेट जमिनीवर येतं आणि प्रकाशाच्या माऱ्याने लिग्निन हळूहळू तुटत जातं. दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या कोरड्या माळावर २००६ मध्ये हे स्पष्टपणे दाखवलं गेलं. तिथे पाचोळ्याच्या घटीला जंतूंपेक्षा ऊनच जास्त जबाबदार निघालं. आपल्याकडे उन्हाचा वाटा तितका मोठा नसेल, पण उन्हात भाजलेलं पान पुढे बुरशीला सोपं जातं, एवढं नक्की.

दुसरी वाळवी. उन्हाळ्यात सागाच्या किंवा ऐनाच्या जंगलात पाचोळ्यावर, वाळक्या काटक्यांवर, खोडांवर तांबड्या मातीचा पातळ पापुद्रा चढलेला दिसतो. तो बोटाने खरवडला की आत ओल असते आणि फिकट रंगाची कामकरी वाळवी लगबगीने खाली पळते. उन्हापासून आणि मुंग्यांपासून आडोसा म्हणून हे छप्पर. ओल खालून आणलेली. आपल्याकडची वारुळं करणारी वाळवी स्वतः लाकूड पचवण्याच्या भानगडीत फारशी पडत नाही. चावलेला पाला वारुळात नेऊन ती त्यावर टर्मिटोमायसिस नावाच्या बुरशीची शेती करते आणि ती बुरशी खाते. पावसाळ्यात वारुळांवर जी अळंबी उगवतात, गोव्याच्या बाजारात ज्यांना 'रोण अळमी' म्हणून डोळे पांढरे करणारा भाव येतो, ती याच शेतीची फळं. म्हणजे गोवेकराच्या ताटातला तो एक पदार्थ असा आहे की ज्याचं मूळ थेट उन्हाळ्यातल्या वाळक्या पानात आहे. वारुळं फोडून अळमी ओरबाडली तर पुढच्या वर्षी ती मिळत नाहीत, आणि वाळवीने आत नेलेला पालाही वाया जातो, हे तिथले जाणते लोक सांगत आले आहेत.

मग पहिला पाऊस. मातीचा वास सगळ्यांनाच आवडतो, पण तो येतो कुठून याचा शोध लागायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ मध्ये त्यावर निबंध लिहिला, आणि पुढच्याच वर्षी त्या वासातला मातकटपणा ज्या द्रव्यामुळे येतो त्याला जिओस्मिन हे नाव मिळालं. ते तयार करतात स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू. पुढे २०२० मध्ये असं दिसून आलं की हा वास आपल्यासाठी नाहीच. स्प्रिंगटेल नावाचे मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबीचे, शेपटीखालच्या चिमट्याने टुणकन उडणारे जीव या वासाने ओढले जातात, ते जिवाणू खातात आणि त्यांची बीजं अंगावर घेऊन पाचोळाभर पसरवतात. कवींचा अपेक्षाभंग होईल, पण मृद्गंध ही मुळात जेवणाची वर्दी आहे.

वासाइतकीच महत्त्वाची, पण नाकाला न कळणारी दुसरी गोष्ट त्याच वेळी घडते. एच. एफ. बर्च हे केनियात काम करत होते. कोरडी माती भिजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा सुटतो आणि नत्र एकदम मोकळा होतो, हे त्यांनी १९५८ मध्ये मांडलं. जितका कोरडा काळ लांब, तितका लोंढा मोठा. कारण असं की उन्हाळ्यात तग धरण्यासाठी जंतूंनी पेशीत क्षार आणि साखरेसारखी द्रव्यं साठवून ठेवलेली असतात. अचानक गोडं पाणी आलं की त्यांतले कित्येक फुटतात, उरलेले त्यांच्यावर ताव मारतात, आणि उन्हाने-भेगांनी उघडी पडलेली जुनी द्रव्यंही पदरात पाडून घेतात. बर्च यांचं लक्ष पूर्व आफ्रिकेतल्या शेतीवर होतं, पण उन्हाळा आणि पाऊस यांची अशी कडक वाटणी जिथे जिथे आहे तिथे हे लागू पडतं. कोकण-घाटमाथ्याइतकी कडक वाटणी जगात फार थोड्या ठिकाणी आहे. महाबळेश्वर, आंबोलीसारख्या ठिकाणी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत.

म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जंगलात एकदम सुकाळ होतो. पालाश तर पानात कुठे बांधलेलाच नसतो, तो पहिल्या काही सरींतच धुऊन निघतो. पाचोळ्याखालून वाहणारं पाणी त्या दिवसांत तपकिरी दिसतं, ते टॅनिन आणि इतर विद्राव्य द्रव्यांमुळे. प्रश्न असा की हा सुकाळ धुऊन नदीला का जात नाही? पुढच्याच पंधरवड्यात आभाळ फाटणार असतं. झाडांची बारीक मुळं अजून पुरती जागी झालेली नसतात. अशा वेळी मोकळा झालेला नत्र धरून ठेवणारं कोण?

धरून ठेवतो तो पाचोळाच. हे उलटं वाटेल, पण या सबंध विषयात मला सर्वांत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट. वाळक्या पानात एका भाग नत्रामागे कर्ब चाळीस, पन्नास भाग किंवा त्याहूनही जास्त असतो. बुरशीच्या अंगात हेच प्रमाण दहाच्या आसपास. नुसतं पान खाऊन बुरशीला शरीर वाढवता येत नाही, नत्र कमी पडतो. मग ती काय करते? आपले धागे खाली मातीत सोडते, तिथला मोकळा नत्र उचलते आणि तो वर पानात आणते. त्यामुळे आषाढात अर्धवट कुजलेलं पान वजनाने हलकं झालेलं असतं, पण त्यात नत्र मात्र पडताना होता त्याहून जास्त भरू शकतो. केवळ टक्केवारीने नव्हे, प्रत्यक्ष वजनानेसुद्धा. कर्ब आणि नत्राचं प्रमाण पंचवीस-तीसच्या खाली आलं की गणित फिरतं. बुरशीला आता नत्र पुरून उरतो आणि तो मातीत सुटू लागतो. तोवर श्रावण-भाद्रपद आलेला असतो, धुवाधार पाऊस ओसरू लागलेला असतो आणि मुळं पुऱ्या भरात असतात. जूनमधला सुकाळ असा दोन महिने अडवून ठेवला जातो. कोरडा, नत्राने गरीब पाचोळा जमिनीवर नसता तर पहिल्या पावसातला नत्र सरळ अरबी समुद्रात किंवा कृष्णा-गोदावरीत गेला असता. शेतकऱ्याला याची दुसरी बाजू माहीत असते. कच्चं, काडीकचऱ्याचं खत पेरणीच्या तोंडावर घातलं की पीक पिवळं पडतं. कारण एकच.

श्रावणात एखाद्या जुन्या रानात गुडघ्यावर बसून वीतभर जागेतला पाचोळा एकेक पदर करून उचलून बघावा. सगळ्यांत वर या मोसमात पडलेलं एखादं हिरवट-पिवळं पान, किड्याने अर्धं खाल्लेलं. त्याच्याखाली गेल्या माघातलं ऐनाचं पान: रंग काळपट, देठाजवळच्या दोन गाठी अजून ओळखू येणाऱ्या, पण दोन शिरांमधला गर जागोजाग उडालेला. ते सुटं उचललं जात नाही. खालची दोन-तीन पानं सोबत येतात, कारण पांढऱ्या धाग्यांनी ती एकमेकांना शिवलेली असतात. त्या धाग्यांच्या आजूबाजूला पान फिकट, जवळजवळ पांढरं पडलेलं दिसतं. तिथे लिग्निन मोडून बुरशी पुढे गेलेली असते. जिवंत जगात हे काम नीट येणारे थोडेच, आणि त्यांत या बुरश्या पहिल्या. लिग्निन फोडणारं त्यांचं विकर प्रयोगशाळेत हाती लागलं तेच मुळी १९८३ मध्ये. आणखी खाली पानं संपतात. शिरांची जाळी, कातरलेले तुकडे, आणि खसखशीएवढ्या काळ्या गोळ्यांचा थर. त्या गोळ्या म्हणजे पैसा नावाचा किडा, गोगलगाय आणि माइट यांची विष्ठा. त्यात केसासारखी पांढरी मुळं घुसलेली, आणि ती वरच्या दिशेला आलेली. मातीचा पत्ता अजून लागलेला नसतो.

मुळं वर का येतात याचं उत्तर कोकणच्या तांबड्या मातीत आहे. जांभ्यातल्या लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना स्फुरदाचं भारी आकर्षण. एकदा त्यांच्या तावडीत सापडला की झाडाला तो मिळणं कठीण. म्हणून पाचोळ्यातून सुटलेला स्फुरद मातीला लागण्याआधीच, वरच्या वर टिपून घेणं झाडाच्या फायद्याचं. या टिपण्यात मुळांवर राहणारी बुरशी त्याला साथ देते. कुजवणारी बुरशी निराळी आणि ही निराळी, हे पुढे वाचताना लक्षात ठेवावं.

प्राण्यांबद्दल एक पूर्ण प्रकरण पुढे आहे, तेव्हा इथे थोडक्यात. पैसा, ज्याला काही भागांत वाणी म्हणतात, तो पान खातो खरा, पण त्यातलं फार थोडं पचवतो. बाकीचं बारीक करून, ओलसर करून मागे टाकतो, त्यावर जिवाणू वाढले की पुन्हा तेच खातो. त्याचं मोठं काम पीठ करण्याचं. गांडुळांचं काम पाचोळा आणि माती यांचं मिश्रण करण्याचं. चार्ल्स डार्विनने आयुष्याच्या अखेरीला, ऑक्टोबर १८८१ मध्ये, गांडुळांवर आख्खं पुस्तक काढलं. पुढच्या एप्रिलमध्ये तो गेला. कागदाचे त्रिकोण कापून त्याने ते गांडुळांना दिले आणि ती कोणत्या टोकाने बिळात ओढतात हे मोजलं. निमुळत्या टोकाने ओढणाऱ्यांची संख्या जास्त निघाली. साऱ्या जगाला उत्क्रांती शिकवणारा माणूस म्हातारपणी कागदाचे त्रिकोण मोजत बसतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्याच सुमारास डेन्मार्कचा वनाधिकारी पी. ई. म्युलर बीचच्या जंगलांत दोन तऱ्हेची जमीन वेगळी काढत होता. एका जागी गांडुळांनी पाचोळा आणि माती एकजीव केलेली, दुसऱ्या जागी गांडुळं नाहीत, तिथे पाचोळ्याची आंबट, चिवट गादी मातीवर तशीच पडून. झाड तेच, मूळ जमीन सारखी, फरक खालच्या रहिवाशांचा.

जाता जाता एक सांगून ठेवतो. गांडूळखताच्या टाकीतलं लाल गांडूळ हे बहुधा परदेशी जातीचं असतं आणि ते शेणात, कुजत्या ढिगात राहतं. ते रानात नेऊन सोडल्याने रानाची माती सुधारत नाही. आपली रानातली गांडुळं खोल जाणारी, पावसाळ्यात वर येणारी, आणि जमिनीवर काळीभोर ढेकळं टाकत जाणारी. त्यांना टाकी नको, पाचोळा हवा.

सगळी पानं सारखी कुजत नाहीत. कॅल्शियम भरपूर असलेलं पान गांडुळाला प्रिय असतं. ऐन हे तशा झाडांपैकी. त्याच्या सालीतच इतका चुना असतो की सालीची राख पूर्वी विड्याच्या चुन्याऐवजी खात. गिरिपुष्पाचा कोवळा पाला पाऊस लागला की काही आठवड्यांत दिसेनासा होतो, कारण तो द्विदल कुळातला, नत्राने श्रीमंत. सागाचं पान मोठं आणि खरखरीत, तरी सागाला एक मदतनीस आहे. पावसाळा सरताना एक अळी त्याच्या हिरव्या पानाचा गर खाऊन नुसती जाळी ठेवते. सागबागा लावणारे या अळीच्या नावाने बोटं मोडतात. पण अळीच्या लेंड्यांच्या रूपाने त्या पानातला नत्र झाडाने मागे खेचण्याआधी, ओलं असतानाच, जमिनीवर येतो हेही खरं. आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ? कोकणातले उघडे सडे आणि रस्त्यांच्या कडा हिरव्या करायला ती सरसकट लावली गेली. तिचं जे पान म्हणून दिसतं ते पान नसून चपटा झालेला देठ आहे. जाड, चामड्यासारखा आणि सावकाश कुजणारा. झाड द्विदल कुळातलं म्हणून जमीन सुधारेल हा हिशेब कागदावर बरोबर होता. तिच्याखालचा वर्षानुवर्षांचा कोरडा थर पाहिला की हिशेबात कुजण्याची तारीख धरायची राहून गेली होती, असं म्हणावंसं वाटतं. हिरवा डोंगर आणि जिवंत माती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ह्यूमसबद्दल जुन्या वाचकाला थोडं विसरावं लागेल. पाठ्यपुस्तकांत असं असे की पान कुजून कुजून शेवटी ह्यूमस नावाचं एक मोठ्या, गुंतागुंतीच्या रेणूंचं काळं द्रव्य बनतं आणि ते शेकडो वर्षं टिकतं. माती अल्कलीत भिजवून ते 'काढता' येई. योहानेस लेहमान आणि मार्कुस क्लेबर यांनी २०१५ मध्ये ठामपणे मांडलं की हे मोठे रेणू मातीत तसे सापडतच नाहीत, ते त्या काढण्याच्या कृतीतून हाती येतात. मातीत असतात ते क्रमाक्रमाने लहान होत गेलेले तुकडे आणि मेलेल्या जंतूंचे अवशेष. ते टिकतात ते स्वतः चिवट असतात म्हणून नव्हे, तर चिकणमातीच्या कणांना, लोहाच्या ऑक्साइडांना चिकटून बसतात म्हणून, किंवा ढेकळाच्या आत जंतूंच्या आवाक्याबाहेर अडकतात म्हणून. यावरचा वाद पुरता मिटलेला नाही. पण शेतीसाठी आणि हवामानासाठी त्याचा अर्थ मोठा आहे. जगाच्या मातीत, वरच्या एका मीटरमध्येच, सुमारे दीड हजार अब्ज टन कर्ब आहे. हवेतल्या आणि झाडांतल्या कर्बाची बेरीज केली तरी ती त्याहून कमी भरते. तो कुणाला चिकटून बसला आहे हे माहीत असलेलं बरं.

आता माणसांकडे येऊ. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या प्रस्तावनेचा निम्मा विषय येऊन गेला आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, गवत, मेलेले किडे आणि जनावरं यांचं सत्त्व पावसाबरोबर वाहून खालच्या शेतांना मिळे, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. ते सत्त्व नाल्यांना वाहून न जाता शेतात मुरावं म्हणून पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या हातांकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत, असा त्यांचा सरकारला सल्ला होता. रान आणि शेत हा एकच व्यवहार आहे, हे इतक्या स्पष्टपणे त्या काळी मराठीत दुसऱ्या कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. नव्या जंगलखात्यावर त्यांचा राग होता तो याच व्यवहाराच्या आड ते आलं म्हणून.

राबाचं भांडण त्याच काळातलं. ठाणे, कुलाबा, मावळ, इगतपुरी या पट्ट्यांत भाताची रोपं टाकायच्या जागी शेण, कवळं तोडून आणलेली पाल्याची डहाळं, वर गवत आणि पातेरा, त्यावर बारीक माती असे थर देऊन उन्हाळ्यात दाढ भाजायची, हाच राब. आग वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने लावायची, म्हणजे ती सावकाश आत जाते. कवळांसाठी ऐन सर्वांत आवडता, आणि म्हणून त्या भागातले ऐन अजून ठोकळ्यासारखे छाटलेले दिसतात. जंगल राखायचं तर कवळं बंद, असं खात्याचं म्हणणं. कवळं बंद तर भात बंद, असं लोकांचं. १८८० च्या दशकात मुंबई सरकारला या तक्रारींसाठी चौकशी आयोग नेमावा लागला. आज कृषी विद्यापीठं गादीवाफे करून रोपं टाकायला सांगतात आणि ते योग्यच आहे. पण राब हा अडाणीपणा होता असं म्हणणाऱ्यांनी एक पाहावं: भाजल्याने तणाचं बी मरतं, राखेतून पालाश आणि चुना मिळतो, तापलेल्या मातीत नत्र मोकळा होतो, आणि हे सगळं पेरणीच्या ऐन तोंडावर. बुरशीला जे काम भाद्रपदापर्यंत पुरतं ते शेतकऱ्याला ज्येष्ठात हवं असतं. त्याने आगीकडून ते करून घेतलं. त्याची किंमत आजूबाजूच्या रानाने मोजली, हेही तितकंच खरं.

वणव्याची गोष्ट याच्या उलट. राबाची राख झाकलेली, सपाट वाफ्यावर, पेरणीच्या तयारीत असते. डोंगरउतारावर मार्चमध्ये लागलेल्या वणव्याची राख पावसाची वाट बघत तीन महिने उघडी पडते. पाचोळ्यातला बहुतेक नत्र धुराबरोबर आधीच गेलेला. राखेतला पालाश-चुना वारा नेतो, उरलेला पहिली झड नेते, कारण त्या झडीला थोपवायला खाली पाचोळाच नाही. 'राखेने गवत चांगलं येतं' हे खरं आहे, एका वर्षापुरतं. गडचिरोली-चंद्रपूरकडे मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग पसरते. तिथे झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरून फुलं झेलायची पद्धत रुजते आहे. जाळरेषा काढण्यावर होणाऱ्या खर्चापेक्षा या जाळ्यांवर घातलेला पैसा मला जास्त सत्कारणी वाटतो.

देवराईत या सगळ्यावर एकच नियम होता: काही न्यायचं नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात देवराया पाहून ठेवल्या, त्यांतल्या काही ठिकाणी वाळलेलं पानसुद्धा उचलायची बंदी होती. हे पूर्वजांना मृदाशास्त्र ठाऊक होतं याचा पुरावा म्हणून सांगितलं जातं, ते मला पटत नाही. देवाच्या भीतीने ठेवलेली गोष्ट भीतीनेच ठेवलेली असते. पण परिणाम आपल्यापुढे आहे, आणि तो मोजता येतो. आता कित्येक देवरायांत देवळाचा जीर्णोद्धार होतो, सभोवार फरशी येते, आणि उरलेल्या झाडांखालचा पातेरा स्वच्छता म्हणून झाडून पेटवला जातो. झाडं उभी असतात तोवर कुणाला काही कळत नाही.

इंदूरची हकिगत सविस्तर पुढे येईलच. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी होळकरांच्या राज्यात राहून काडीकचऱ्याचं खत तीन महिन्यांत कसं करावं हे बसवलं आणि १९३१ मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक काढलं. जगात नाव झालं ते हॉवर्डचं. त्यांच्या पद्धतीत कोरड्या दिवसांत खड्डा आणि पावसात जमिनीवर ढीग, असा ऋतूप्रमाणे बदल होता. इंग्लंडमध्ये बसून तो सुचला नसता.

पुस्तक वाचायला घेण्यापूर्वी एक करून पाहावं, मे महिन्यात हे हाती पडलं असेल तर उत्तमच. एकाच झाडाची वाळकी पानं उन्हात कडकडीत वाळवून दहा-दहा ग्रॅम तोलून घ्यायची. नायलॉनच्या जाळीच्या दोन प्रकारच्या पिशव्या शिवायच्या. एकीची भोकं गांडूळ, पैसा आत शिरतील इतकी मोठी, दुसरीची फक्त बुरशी आणि जिवाणू पोचतील इतकी बारीक. दोन्ही प्रकारच्या सात-आठ पिशव्या जूनच्या आधी झाडाखालच्या पाचोळ्यात, खिळ्याने जमिनीला टोचून ठेवायच्या आणि महिन्याला प्रत्येकी एक काढायची. आतला माल हलक्या हाताने धुऊन चिकटलेली माती घालवायची, नाहीतर वजन वाढलेलं दिसतं. मग पुन्हा वाळवून तोलायचं. दोन जाळ्यांतल्या वजनांचा फरक म्हणजे मोठ्या प्राण्यांचं काम. यापेक्षा महाग उपकरण या विषयात सुरुवातीला लागत नाही. तारखेची चिठ्ठी मात्र पिशवीच्या आत, पेन्सिलीने लिहून ठेवावी. शाई जुलैपर्यंतसुद्धा टिकत नाही.